जाळीमागची चुनरी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

गाडी आली. पिवळी, बुटकी, पुढून डोळे वटारलेली. शेजाऱ्यांच्या छोट्या गाडीएवढीच लांबी, पण म्हणे सहा सेकंदांत शंभरचा वेग घेते. सहा सेकंदांत मला चपलेत पाय घालता येत नाही. वेदिकाने दार उघडून धरलं, "बाबा, बैठो तो सही." मी बसलो आणि लगेच उतरलो.

आमची वेदू पीथमपूरला गिअरबॉक्सच्या कारखान्यात इंजिनियर आहे. आठवडाभर धारला खोली घेऊन राहते, शनिवार-रविवार देवासला आमच्याकडे. गाडी तिच्या कमाईची, त्यामुळे मला बोलायला जागा नाही. पण शोरूमवाल्यांनी जे केलं त्यावर बोलणारच. छापील किमतीवर त्यांनी 'ऑन' घेतला. ऑन म्हणजे वरचे पैसे, पावती नाही आणि लाजही नाही. तिथला पीयूष नावाचा पोरगा हसतहसत सांगतो, "सर, पूरे एमपी में गिनती की आई हैं. आप छोड़ो, भोपालवाले लाइन में खड़े हैं." वर मॅट, सीट कव्हरं आणि कसलासा चकाकीचा लेप, हे सगळं घेतल्याशिवाय किल्ली मिळत नाही. माझी उभी हयात बँकेत गेली. ज्याने भावात फसवलं तो मालात फसवणारच, हे मी आजच लिहून ठेवतो.

बकुळाने चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मी म्हटलं, "लिंबाने ब्रेक लागतात असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय का?" ती म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडतेय." महाराष्ट्र समाजात मला टेकडी न चढणारा आठल्ये म्हणतात. अख्खं देवास नवरात्रात माताजीच्या टेकडीवर जातं, मी खाली उभा राहून चपला सांभाळतो. याचा मला अभिमान आहे.

पेढा खाताखाता वेदू म्हणाली की ती ही गाडी ट्रॅकवर पळवणार आहे. पीथमपूरकडे गाड्या पळवायचा पक्का रस्ता आहे, तिथे एक क्लब हौशी लोकांना सोडतो. पेढा माझ्या तोंडातच राहिला.

५ ऑक्टोबर, रविवार

वेदूने बायपासवर फिरवून आणलं. शंभरपर्यंतच गेली म्हणते. मी डोळे मिटले होते, त्यामुळे खात्री नाही. उतरल्यावर दाराला धरून उभा राहिलो आणि समोर पानवाल्याने विचारलं, "काई हुओ, साहब?" मी म्हटलं, पाय झोपला.

मग तिने मोबाइलवर त्या ट्रॅकचा व्हिडिओ दाखवला. एक गाडी वळणावर गिरकी घेऊन भिंतीकडे गेली. वेदू हसली, "देखो बाबा, कुछ नहीं हुआ उसको." मला काहीतरी झालं. ही पोर पाळण्यातून पडली होती तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आता ती पैसे देऊन पडायला निघाली आहे.

बकुळाला म्हटलं, तू तरी बोल. म्हणे, "तुमच्यावर गेलीय. सांगून ऐकलंय का कधी कुणाचं?"

८ नोव्हेंबर, शनिवार

हे कुणाला वाचता येऊ नये. वेदूची भीती नाही. हिंदी शाळेत शिकली, माझं मराठी अक्षर समोर आलं की मोडी असल्यासारखं बघते. बकुळाला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा तिला कधी सापडत नाही. म्हणून लिहितो.

उद्या ट्रॅक आहे. आज पहाटे मी टेकडी चढलो.

माकडटोपी घातली, वर मफलर. बकुळाला सांगितलं, दूध आणायला जातो. पायऱ्यांवर समाजाचे उदाजीराव उतरताना दिसले तेव्हा मी खांबाकडे तोंड करून उभा राहिलो. तुळजाभवानीपुढे उभं राहिल्यावर काय म्हणायचं तेच आठवेना. लग्नानंतर आलोच नव्हतो. शेवटी म्हटलं, "बाई, माझा तुझ्यावर विश्वास नाही, पण पोरगी लहान आहे." पोरगी अठ्ठावीस वर्षांची आहे.

पुजाऱ्याने एक लाल चुनरी देवीच्या पायाला लावून दिली. "गाड़ी पे बाँध देना, बाबूजी." वर बांधली तर वेदू हसणार आणि बकुळा जन्मभर ऐकवणार. गाडीच्या तोंडाशी, खाली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काळी जाळी आहे. तिच्यामागे बेताची पोकळी आहे, देव्हाऱ्यासारखी. दोघी आंघोळीला आणि स्वयंपाकाला लागल्या तसा मी अंगणात उकिडवा बसलो, चुनरीची घडी घातली, काळ्या दोऱ्याने बांधली आणि पट्टीने आत ढकलली. व्हाउचरांचे गठ्ठे बांधायची आमची बँकेतली गाठ मारली, ओढू तितकी घट्ट होते. दोऱ्याचं टोक जाळीला आतून अडकवलं. बाहेरून काही दिसत नाही. उठताना गुडघा वाजला, तेवढाच आवाज.

मला फार भीती वाटते आहे. ही भीती लाजिरवाणी आहे असंही वाटतं. पण चुनरी ठेवल्यावर चहा गोड लागला.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर फोनकडे बघत बसलो. दुपारी वाजला, मी लगेच उचलला. वेदू चिडलेली होती. गाडी तापली म्हणे! तिसऱ्या फेरीला काटा वर गेला आणि गाडीने आपणहून जोर कमी केला. कितीही दाबलं तरी पळेना. "बाबा, थंडी के दिन हैं, बाकी सबकी ठीक चली. मेरी ही क्यों?"

मी फोन ठेवला. गाडी आपणहून हळू झाली. आपणहून! पुढच्याच वळणावर काही होणार होतं म्हणून कुणी अडवली असेल तर?

मी नास्तिक माणूस आहे. पण हिशेब मला कळतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या गाडी शोरूमला दाखवायची. तिथले लोक सगळं खोलणार, चुनरी त्यांच्या हाती लागणार आणि तो पीयूष माझ्या तोंडावर दात काढणार. म्हणून वेदू धारहून आल्याबरोबर, ती आत गेली तशी मी दोरा ओढून चुनरी बाहेर काढली.

बघतो तर गाठ सुटली नव्हती, पण एका कडेने दोऱ्यातून निसटून चुनरी सगळी उलगडली होती. आत जाळीभर पसरली होती, कडक झाली होती, करपल्यासारखा वास येत होता. पोरगी वेगात निघाली आणि देवीआईने पदर पसरून गाडी अडवली, आणखी काय अर्थ लावायचा? मी ती कपाटात बँकेच्या जुन्या फायलींमागे ठेवली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शोरूममध्ये सकाळपासून तपासलं. काही निघालं नाही म्हणे. पीयूष म्हणाला, "सर, बिल्कुल ओके है. हमने चलाके देखी, काँटा हिला तक नहीं. ट्रैक पे चलाओगे तो थोड़ी गरम तो होगी." मग हळूच म्हणाला की तेल गार करायचं एक यंत्र वेगळं मिळतं, लावून देतो. त्याचे पैसे वेगळे!

मी म्हटलं, "ऑन घेताना हे सांगितलं नव्हतंत." आवाज चढला, लोक बघायला लागले. वेदूने दंडाला धरून बाहेर आणलं. ही गाडी खराब आहे, मला शंका नाही. घेणारे पुष्कळ म्हणून हाताला लागेल ती गाडी गळ्यात मारली.

वेदू तीस तारखेला पुन्हा जाणार. खराब गाडी घेऊन.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा टेकडी. या वेळी मोठी चुनरी घेतली, गोट्याची चकचकीत किनार लावलेली. दुकानदार म्हणाला, "ब्याव है कई घर में?" मी लग्नघर असल्यासारखी मान हलवली, खोटं बोलायचीही आता सवय झाली आहे. ती आत ढकलायला वेळ लागला, दुहेरी गाठ मारली.

घरी आलो तर बकुळा विचारते, "दूध?" दूध आणायचं विसरलो होतो. म्हटलं, दुकान बंद होतं. ती माझ्या पायांकडे बघत राहिली आणि मग पोहे भिजवायला गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

वाफ निघाली. दुसऱ्याच फेरीला! क्लबच्या विक्रमसिंहने, जो तिथे झेंडे सांभाळतो, तिला बाहेर काढलं. संध्याकाळी घरी परतली तेव्हा पोरगी रडकुंडीला आली होती. "एवढी सेव्हिंग लावली, बाबा. सगळे हसतात. म्हणतात, लडकी को गाड़ी नहीं आती."

मी तिला जवळ घेतलं. आतून मात्र, देवा, मला सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही वेळेला अडवली. पण वाफ? उकळतं पाणी तिच्या अंगावर उडालं असतं तर? हे शोरूमवाले माझ्या मुलीला मारणार आहेत.

६ डिसेंबर, शनिवार

आदल्या दिवशी चुनरी काढून घेतली होती. आज शोरूममध्ये पुन्हा तेच, "कुछ नहीं निकला, सर." पाणी भरलं आणि गाडी बाहेर उभी केली. मी सगळ्यांसमोर पीयूषला चोर म्हटलं. म्हटलं, भावात खाल्लंस ते खाल्लंस, आता माझी मुलगी खाणार का? त्याचे कान लाल झाले. हळू आवाजात म्हणाला, "सर, ऑन मेरी जेब में नहीं जाता." मी ऐकून घेतलं नाही. ग्राहक मंचाकडे जायचं ठरवलं आहे.

१४ डिसेंबर, रविवार

झोप नाही. वेदूला म्हटलं, एकवीस तारखेला जाऊ नकोस. म्हणाली, "एक बार पूरा चलाना है, बाबा. बस एक बार. मग तुम्ही म्हणाल तर विकून टाकीन." मी म्हटलं, मी बरोबर येतो. ती इतकी खूश झाली की मला भरून आलं. लहानपणी शाळेच्या शर्यतीला मी कधी गेलो नव्हतो, बँकेत वार्षिक हिशेब असायचे.

तिच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर मी समोर असेन, एवढंच.

२० डिसेंबर, शनिवार

दोन चुनऱ्या ठेवल्या, टेकडीवरच्या दोन्ही देवींच्या. तुळजाभवानीची एक, चामुंडेची एक. एक डावीकडून, एक उजवीकडून. पट्टी मोडली.

२१ डिसेंबर, रविवार

रात्र झाली आहे, तरी लिहून ठेवतो.

सकाळी गेलो. उन्हाला धार नव्हती, हवा छान गार होती. वेदूने हेल्मेट घातलं तेव्हा तिचे फक्त डोळे दिसत होते, बकुळासारखे. "बाबा, उस रेलिंग के पीछे रहना. बाहर मत आना." गाडी गेली. तो आवाज छातीत बसतो. पहिली फेरी ती समोरून गेली तेव्हा मी तिला बघितलंच नाही, फक्त पिवळं काहीतरी गेलं.

माझ्या शेजारी इंदूरचा मनन नावाचा मुलगा आपल्या गाडीची पुढची नंबरप्लेट काढत होता. काहीतरी बोलत राहिलं तर भीती कमी होते म्हणून मी विचारलं, ही का काढतोस भिया? म्हणाला, "अंकल, हवा को रास्ता चाहिए. इंजिन याच जाळीतून श्वास घेतं. शहरात काही नाही होत, पण इधर जाळीपुढे एक पॉलिथिन भी चिपक गई ना, दोन फेऱ्यांत पाणी उकळतं. पिछले साल एकाचा पाइप फुटला, पाणी त्याच्याच टायरखाली आलं, घूम गया."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं.

मग माझ्या डोळ्यांपुढे ते उलगडलेलं कापड आलं. जाळीभर पसरलेलं. पदर नव्हता तो. मी माझ्या हाताने माझ्या मुलीच्या गाडीचं नाक दाबलं होतं, आणि आज दोन्ही नाकपुड्या.

मी रेलिंग ओलांडलं. या वयात कसं ओलांडलं माहीत नाही, पॅंट फाटली आहे. विक्रमसिंहकडे धावलो आणि ओरडलो, "रोको! उसको रोको! जाली में कपड़ा है!" तो म्हणाला, "आपको कैसे पता?" मी म्हटलं, "पता है! मेरे को पता है!" त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गाडी बाहेर बोलवायचा काळा झेंडा उचलला. वेदू लांबच्या वळणावर होती. मी मनात कुणालातरी हाका मारत होतो. कुणाला ते आता लिहीत नाही.

झेंडा बघून तिने वेग कमी केला. तेवढ्यात गाडीच्या पुढून पांढरा लोट उठला आणि गाडी फिरली. एकदा, दोनदा, मग गवतात शिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. आवाज थांबला. त्या शांततेत मी पळत होतो आणि पळून पोचतच नव्हतो. मला वाटलं, गेली. मी मारली. हे वाक्य मनात आलं ते मरेपर्यंत जाणार नाही.

दार उघडलं. ती उतरली. हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक, पण उभी होती, दोन्ही पायांवर. मी तिचे हात, खांदे, डोकं चाचपत राहिलो. "ठीक हूँ बाबा, ठीक हूँ," ती म्हणत होती, आणि मलाच धरून होती.

विक्रमसिंह म्हणाला की वेग कमी झालेला होता म्हणून गवतात थांबली, पुऱ्या वेगात असती तर समोर भिंत होती. हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं.

जाळी खोलली. दोन्ही चुनऱ्या आत ओल्या पापडासारख्या चिकटल्या होत्या. सगळे गोळा झाले होते, कुणी हसलं नाही. विक्रमसिंहने चपला काढल्या, त्या सोडवून घेतल्या आणि वेदूच्या हातात दिल्या. वेदूने काळ्या दोऱ्याची गाठ नखाने ओढून पाहिली, ती सुटली नाही. मग म्हणाली, "आई पण ना!"

मी बोलायला तोंड उघडलं. उघडलं होतं, हे खरं आहे. मग तिचं हेल्मेट उचलून घेतलं.

२२ डिसेंबर, सोमवार

वेदूने रजा टाकली आहे. काल घरी आल्याआल्या ती आईवर कडाडली. "आई, किसने बोला था तुझे? मी मेले असते!" बकुळा पोळी लाटत होती. तिने चुनऱ्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होतो. "हो गं," ती म्हणाली, "मीच ठेवल्या. मला काय कळतं त्यातलं? चुकलं." आणि पोळी उलटली.

आज वेदू गाडीसाठी वर्कशॉपला गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. बकुळा म्हणाली, "काय उभे आहात? माकडटोपी घालून पहाटे जाता, पायाला कुंकू लावून येता आणि दूध कधी आणलंत नाही. माझा चष्मा सापडत नाही म्हणून मी आंधळी झाले का?" मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तिचे डोळे भरले. "मला वाटलं, देवाला हात जोडायला शिकलात. ते जाळीत कोंबताय हे कुठे ठाऊक होतं हो मला! ठाऊक असतं तर..." तिने पदराने डोळे पुसले.

पीयूषला फोन करायचा आहे. दोनदा नंबर काढून ठेवला. ऑन त्यांनी घेतला तो घेतलाच, ते मी विसरणार नाही. पण चोर मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. उद्या करीन.

२८ डिसेंबर, रविवार

फोन केला. तो "कोई बात नहीं, सर" म्हणाला, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

गाडी वर्कशॉपमध्येच आहे, म्हणून वेदू आज बसने धारला परत गेली. मी विचारलं, परत ट्रॅकवर जाणार? म्हणाली, "जाऊंगी. तुम्ही येणार ना?" येईन म्हणालो. भीती गेलेली नाही, तेवढीच आहे. आता ती कुठे ठेवायची तेही कळत नाही.

निघायच्या आधी ती माझ्या खोलीत आली. दोन्ही चुनऱ्या तिने धुऊन, इस्त्री करून आणल्या होत्या. मध्ये करपल्याचा डाग आहे, तो जात नाही म्हणाली. सोबत काळ्या दोऱ्याचं रीळ. "बाबा, या बांधून द्या. हेल्मेटच्या पिशवीत ठेवीन." मी म्हटलं, आईकडे दे की, तिच्या आहेत. ती म्हणाली, "आईची गाठ सुटते."

मी घडी घातली, दोरा गुंडाळला. गाठ बसली, सवयीची आहे. वेदूने गठ्ठा हातात घेतला, उजेडाकडे धरून गाठ निरखली, जरा ओढून पाहिली.

"हीच," ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.

हीच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. बस सुटायची वेळ झाली होती.